स्वाराविना घोडा
फर्माईशी अश्वचित्रांची गोष्ट

लंडनच्या नॅशनल गॅलरीत एक घोडा आहे. चित्राची उंची जवळजवळ तीन मीटर, रुंदी अडीच मीटरच्या आसपास. तांबूस-सोनेरी अंगाचा, फिकट आयाळ-शेपटीचा हा घोडा मागच्या पायांवर उठला आहे आणि मान वळवून आपल्याकडे पाहतो आहे. पाठीवर खोगीर नाही, तोंडात लगाम नाही, शेजारी मोतद्दार नाही. पायांखाली गवत नाही आणि मागे आभाळही नाही. आहे तो फक्त फिकट मातकट रंगाचा सपाट पडदा आणि मागच्या खुरांशी पडलेली दोन छोट्या सावल्यांची जाणीव. घोड्याचे नाव व्हिसलजॅकेट. चित्रकार जॉर्ज स्टब्ज. साल साधारण १७६२. गॅलरीने १९९७ साली हे चित्र एक कोटी दहा लाख पौंडांना विकत घेतले.

हे चित्र कुणा कलावंताच्या मनात उसळलेल्या ऊर्मीतून आलेले नाही. ते मागणीवरून काढलेले आहे. पुढे दोनदा इंग्लंडचा पंतप्रधान झालेला रॉकिंगहॅमचा मार्क्विस हा त्याचा मालक. घोडाही त्याचाच आणि चित्रही त्याचेच. त्याने सांगितले, चित्रकाराने काढले, पैसे चुकते झाले. कलेच्या आपल्या मराठी चर्चेत अशा कामाबद्दल एक सूक्ष्म नावड असते. ‘फर्माईशी’ हा शब्द आपण कौतुकाने क्वचितच वापरतो. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या इच्छेने, दुसऱ्याच्या जनावराचे चित्र काढणे म्हणजे कारागिरी झाली, कला कुठे झाली, असा तो आक्षेप. अठराव्या शतकातल्या युरोपातही तो होताच. तेव्हाच्या कलाशास्त्राने चित्रांची उतरंड लावून ठेवली होती. इतिहास, पुराण आणि धर्म यांवरची चित्रे सर्वांत वर, मग माणसांची व्यक्तिचित्रे, आणि प्राणिचित्रे पार खालच्या पायऱ्यांवर. त्यातही श्रीमंतांच्या घोड्यांची चित्रे काढणारा म्हणजे तबेल्याच्या दाराशी उभा असलेला माणूस.

या आक्षेपात तथ्य किती, हे तपासायला अश्वचित्रांइतके चांगले क्षेत्र नाही. कारण इथे पैसे देणारा एक असतो आणि चित्रासाठी उभा राहणारा दुसराच. माणसाचे चित्र काढताना समोरच्याला खूश ठेवावे लागते. घोड्याला आपले चित्र कसे उतरले याचे काहीच वाटत नाही.

चित्र कशासाठी हवे असते?

घोड्याचे चित्र काढून घ्यावे असे माणसाला वाटते त्याची कारणे जगभर सारखीच दिसतात. घोडा महाग असतो, घोडा मरतो आणि घोड्यावर मालकाचा लौकिक अवलंबून असतो.

आपल्याकडे घोडा पारखण्याचे शास्त्रच होते. शालिहोत्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंपरेत घोड्याचे रंग, चाली, वय, रोग आणि अंगावरचे भोवरे यांचा तपशीलवार विचार आहे. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला तो पंचकल्याणी. देवमण हा शुभ भोवरा, गोम हा अशुभ. ‘यात काहीतरी गोम आहे’ असे आपण आजही सहज म्हणतो, तेव्हा घोड्याच्या अंगावर बोट फिरवणारा पारखी डोळ्यांसमोर नसतो इतकेच. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात अश्वशास्त्राची सचित्र परंपरा जतन केलेली आहे. मेवाड आणि मारवाडच्या दरबारांत तर आवडत्या घोड्यांची स्वतंत्र चित्रे काढली जात, त्यांवर घोड्याचे नाव लिहिले जाई. घोडा बाजूने दाखवलेला, संपूर्ण अंग दिसेल असा; कधी शेजारी लगाम धरलेला मोतद्दार.

आता इंग्लंडमधल्या जॉन वूटन किंवा जेम्स सीमूर यांची अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली अश्वचित्रे पाहिली, तर मांडणी चकित करण्याइतकी सारखी वाटते. घोडा बाजूने, पूर्ण लांबीत, लगाम धरलेला माणूस शेजारी. एकाने दुसऱ्याचे पाहून काढले असे मानण्याची गरज नाही. दोन्हीकडे चित्राचे काम एकच होते. घोड्याची मान, पाठ, पायांची ठेवण, रंग आणि खुणा एका नजरेत कळायला हव्या असतील, तर त्याला बाजूनेच उभे करावे लागते. हे चित्र म्हणजे एका अर्थी दस्तऐवज होता.

इंग्लंडमध्ये या दस्तऐवजाला वेगळे वजन येण्याचे कारण शर्यती. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पूर्वेकडून इंग्लंडात आलेल्या तीन वळूघोड्यांची नावे प्रसिद्ध आहेत : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. आजच्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा या तिघांपर्यंत जाते. व्हिसलजॅकेट हा गोडॉल्फिन अरेबियनचा नातू. वंशावळ हीच इथे किंमत ठरवते. ती नीट नोंदवणारी ‘जनरल स्टड बुक’ ही नोंदवही १७९१ साली सुरू झाली. तिच्या आधीची तीस-चाळीस वर्षे तैलचित्र आणि त्यावरून छापलेली खोदचित्रे हीच घोड्याची कीर्ती गावोगाव नेत होती. या व्यवहाराचे चलन होते गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. चित्रकाराचे मानधनही गिनीत आणि शर्यतीची पैजही गिनीत. गिनीचे नाणे केव्हाच गेले, पण इंग्लंडमधल्या नामांकित घोड्यांच्या लिलावांत बोली आजही गिनीतच लागते.

कातड्याच्या आत

या मळलेल्या वाटेवर जॉर्ज स्टब्ज आला तो भलत्याच बाजूने. त्याचा जन्म १७२४ सालचा, लिव्हरपूलचा. वडील कातडी कमावण्याच्या धंद्यात. जनावराचे कातडे आणि त्याचा वास हे मुलाच्या घरचेच होते. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला जवळजवळ मिळालेच नाही. तो यॉर्कला गेला, तिथे शरीरशास्त्र शिकला आणि शिकवूही लागला. १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. जॉन बर्टन यांच्या प्रसूतिशास्त्रावरच्या ग्रंथातली चित्रे त्याची आहेत.

नंतर, १७५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, तो लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो या खेड्यातल्या एका एकाकी शेतघरात जाऊन राहिला. सोबत मेरी स्पेन्सर होती, ती त्याची आयुष्यभराची सोबतीण. तिथे सुमारे दीड वर्ष त्याने मेलेल्या घोड्यांची चिरफाड केली. पद्धत ऐकताना अंगावर काटा येतो. घोड्याच्या मानेची शीर कापून रक्त वाहू द्यायचे. मग शिरांमध्ये वितळलेली चरबी भरायची, म्हणजे त्या फुगून आपापल्या आकारात राहतात. छताला टांगलेल्या लोखंडी कांबीला आकडे लावून धड उभे करायचे आणि खूर फळीवर टेकवायचे, जणू जनावर चालते आहे. मग कातडे सोलायचे आणि स्नायूंचा एकेक थर काढत, मोजत, रेखाटत हाडांपर्यंत जायचे. एक घोडा तर अकरा आठवडे टिकवल्याची नोंद स्टब्जच्या आठवणी लिहून ठेवणाऱ्या ओझायस हम्फ्री या चित्रकाराने केली आहे. शीतपेटी नसलेल्या काळात, बंद खोलीत, अकरा आठवडे.

या काळात कुणी त्याला घोड्याचे चित्र मागितलेले नव्हते आणि कुणी पैसेही देत नव्हते. रेखाटने घेऊन तो लंडनला आला तेव्हा ताम्रपटावर ती कोरायला खोदकारांनी नकार दिला. शेवटी त्याने ती स्वतःच कोरली. दिवसा मागणीची चित्रे आणि उरलेल्या वेळात हे काम, असे करत ‘द ॲनाटमी ऑफ द हॉर्स’ हा ग्रंथ १७६६ साली बाहेर पडला. त्यात अठरा पट आहेत : बाजूने, समोरून आणि मागून, अशा तीन दिशांनी सांगाडा, आणि त्याच तीन दिशांनी स्नायूंचे पाच थर. घोड्याची पुढच्या पायातली जी जागा आपण ‘गुडघा’ म्हणतो ती खरे तर मनगट आहे, मागच्या पायाचा उलटा वाकलेला सांधा ही टाच आहे, आणि घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या नखावर उभा असतो, हे सांगाड्याकडे एकदा पाहिले की कळते. एकदा कळले की कुठल्याही चित्रातला खोटा घोडा लगेच ओळखू येतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. स्टब्जला मोठी कामे मिळाली ती त्या रेखाटनांमुळे. वंशावळीवर आणि देहावर पैसा लावणाऱ्या माणसांना घोडा देखणा दिसून भागत नव्हते, तो बरोबर असावा लागत होता. खांद्याचा उतार किंवा पायाचा सांधा चुकला तर ते तबेल्यातल्या पोरालाही कळे. फर्माईश करणारा हा ग्राहक चित्रकलेत अडाणी असेल, पण घोड्यात जाणकार होता. अचूकतेची सक्ती त्याच्याकडून आली.

मोकळा पडदा

व्हिसलजॅकेटकडे परत येऊ. १७४९ साली जन्मलेला हा घोडा तापट म्हणून प्रसिद्ध होता. १७५९ साली यॉर्कला दोन हजार गिनींच्या पैजेची शर्यत जिंकून तो निवृत्त झाला. त्याचे नाव त्या काळच्या सर्दीवरच्या एका घरगुती औषधावरून आलेले. त्या औषधात जिन आणि काकवी असे, आणि रंग साधारण घोड्याच्या रंगासारखाच.

चित्रातली पार्श्वभूमी कोरी का, यावर जुनी कथा अशी की हे चित्र मुळात राजा तिसरा जॉर्ज याच्या अश्वारूढ चित्रासाठी सुरू झाले. स्वार एक चित्रकार काढणार, निसर्गदृश्य दुसरा. पुढे राजाचे आणि रॉकिंगहॅमचे राजकारणात बिनसले आणि चित्र तसेच राहिले. कथा चटकदार आहे. पण त्याच सुमारास, त्याच मालकासाठी स्टब्जने आणखी दोन चित्रे काढली. एकात घोड्या आणि शिंगरे, दुसऱ्यात व्हिसलजॅकेट, आणखी दोन वळूघोडे आणि त्यांचा मोतद्दार सायमन कॉब. या दोन्हींतही मागे काहीच नाही. तीन चित्रे अपुरी राहिली असे मानण्यापेक्षा मालकाला आणि चित्रकाराला तेच हवे होते, असे मानणे अधिक सयुक्तिक. रॉकिंगहॅमने इटलीतली प्राचीन शिल्पे आणि त्यांच्या प्रतिकृती जमवल्या होत्या. शिल्पपटात आकृती असतात, मागे मोकळा दगड असतो. घोड्याला तोच मान द्यावा, असा विचार त्यामागे असणे शक्य आहे.

आणि इथे एक मोठा बदल घडला. तीन मीटर उंचीच्या चित्रपटावर, मागच्या पायांवर उठलेला घोडा ही मांडणी तोवर राजांसाठी राखीव होती. घोड्यावर बसलेला सम्राट म्हणजे सत्तेवर मांड ठोकलेला माणूस. घोडा हे त्याचे सिंहासन. स्टब्जच्या चित्रात स्वार नाहीसा झाला आणि चित्र एका घोड्याचे झाले. व्हिसलजॅकेटचा डोळा पाहिला की हे पटते. त्यात भीती आहे, उग्रपणा आहे आणि माणसाशी काही देणेघेणे नसल्याचा भाव आहे. हम्फ्रीने एक किस्सा नोंदवला आहे. भिंतीला टेकवलेले पुरे होत आलेले चित्र घोड्याने पाहिले आणि समोर दुसरा घोडा आहे असे वाटून तो चवताळून त्यावर धावून गेला. चित्रकलेच्या इतिहासात अशा कथा ग्रीकांपासून चालत आल्या आहेत, तेव्हा तिच्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावे. पण घोड्याला चित्राबद्दल मत असू शकते, ही कल्पनाच मालकाच्या अभिमानाला थोडा धक्का देणारी आहे.

तेलरंगातला घोडा

घोडा रंगवणे अवघड का, हे समजायला त्याच्या अंगाकडे चित्रकाराच्या नजरेने पाहावे लागते. मेंढी किंवा कुत्रा रंगवताना केसांच्या दाटीत बरेच काही झाकून जाते. घोड्याचा केस आखूड, अंगाला चिकटलेला आणि खरारा केलेला असेल तर चकचकीत. त्याखाली स्नायू, शिरा आणि हाडांचे उंचवटे स्पष्ट दिसतात. म्हणजे चित्रकाराला एकाच वेळी आतली रचना आणि वरची चकाकी दोन्ही पकडायची असतात.

ही चकाकी म्हणजे आरसाच. मोकळ्यावर उभ्या असलेल्या तांबड्या घोड्याच्या पाठीवर आभाळ उतरते, म्हणून तिथला उजेड निळसर-करडा असतो. पोटाखाली जमिनीचा रंग उसळून येतो; हिरवळ असेल तर हिरवट, माती असेल तर तांबूस. नवखा चित्रकार उजेडासाठी तांबड्यात पांढरा मिसळतो आणि घोडा खडूने घासल्यासारखा दिसू लागतो. काळा घोडा काळ्या रंगाने रंगवता येत नाही. उन्हात तो तपकिरी आणि निळा यांच्या मधे कुठेतरी असतो. ज्याला आपण पांढरा म्हणतो तो घोडा बहुधा गडद रंगाचा जन्मतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. त्यामुळे त्याचे चित्र त्या त्या वर्षापुरतेच खरे असते.

तेलरंग या कामाला सोयीचा ठरला तो हळू वाळतो म्हणून. स्नायूच्या गोलाईवरची छाया उजेडात विरघळवायला वेळ मिळतो. आधी पातळ, कमी तेलाच्या तपकिरी रंगात आकार आणि छायाप्रकाश बसवायचा, तो वाळला की वर अधिक तेलाचे थर द्यायचे. उलटे केले तर वरचा थर आधी वाळतो आणि खालचा हलला की तडकतो. शेवटी पारदर्शक रंगाचा पातळ हात. त्यानेच बदामी-तांबूस अंगाला आतून उजळल्यासारखी झाक येते. व्हार्निश लावायला मात्र काही महिने थांबावे लागते.

मुख्य अडचण वेगळीच. घोडा स्थिर उभा राहत नाही. म्हणून स्टब्जच्या हातात पाठ असलेले शरीरशास्त्र हवे. समोरचे जनावर हलले तरी ते कातड्याखाली काय करते आहे हे त्याला ठाऊक असे. तसेच पार्श्वभूमीची. न्यूमार्केटच्या माळावर शर्यतीनंतर घोड्यांचा घाम पुसण्यासाठी बांधलेली छोटी विटांची खोली त्याने एकदा नीट अभ्यासून घेतली आणि ती अनेक चित्रांत वापरली. १७६५ चे ‘गिमक्रॅक’ आणि १७७० चे ‘इक्लिप्स’ या दोन्ही चित्रांत तीच खोली, तोच माळ. धंद्याची ही काटकसर होती. पण ‘गिमक्रॅक’मध्ये तिचा उपयोग त्याने विलक्षण केला. मागे, दूर, छोटासा करडा घोडा शर्यत जिंकतो आहे. पुढे तोच घोडा शर्यतीनंतर उभा आहे, घामेजलेला, भोवती त्याची निगा राखणारी माणसे. एकाच चित्रात दोन वेळा. लिलावात २०११ साली या चित्राला दोन कोटी चोवीस लाख पौंड मिळाले. मालकाला विजय हवा होता, तो त्याला दूरवर छोटा करून दिला. चित्रकाराने मोठा केला तो विजयानंतरचा दम.

बिल आणि कोर्ट

फर्माईशीची दुसरी बाजू पाहायची तर ‘हॅम्बल्टोनियन’ पाहावे. १७९९ च्या मार्चमध्ये न्यूमार्केटला हॅम्बल्टोनियन आणि डायमंड या दोन घोड्यांची तीन हजार गिनींच्या पैजेची शर्यत झाली. अंतर चार मैलांच्या वर. हॅम्बल्टोनियन निसटता जिंकला, पण चाबकाने आणि टाचेच्या आरीने त्याचे अंग रक्तबंबाळ झाले होते. मालक सर हेन्री व्हेन-टेम्पेस्ट याने विजयाचे चित्र मागितले. स्टब्ज तेव्हा पंच्याहत्तरीचा.

त्याने काढले ते शर्यतीनंतरचे दृश्य. साडेतीन मीटरांहून लांब चित्रपट, त्यावर थकव्याने ताणलेला, कान मागे टाकलेला, दातओठ आवळलेला प्रचंड घोडा. शेजारी दोन माणसे. एकाने लगाम धरला आहे, दुसऱ्याच्या हाती पुसायचे फडके आहे आणि त्याचा हात घोड्याच्या अंगावर टेकलेला आहे. दोघेही सरळ आपल्याकडे पाहतात. मालक चित्रात नाही, गर्दी नाही, पैज नाही. जणू ते विचारताहेत, तुम्हाला हेच पाहायचे होते ना?

पैशावरून वाद झाला, स्टब्जला कोर्टात जावे लागले आणि तो खटला जिंकला. वादाची मुळे हिशेबात होती की चित्रात, हे ठरवण्याचा मोह आवरावा. चित्र मात्र स्पष्ट बोलते. मालकाने विकत घेतलेला विजय घोड्याला काय पडला, हे त्यात लिहिलेले आहे, आणि तेही मालकाच्याच पैशाने.

या चित्रांतली माणसे पाहण्यासारखी आहेत. त्या काळच्या इंग्रजी चित्रकलेत नोकर बहुधा कोपऱ्यात, अंधारात किंवा विनोदापुरता असे. स्टब्जच्या मोतद्दारांना चेहरे आहेत. घोड्याला कसे धरावे, कुठे हात ठेवला की तो शांत होतो, हे मालकापेक्षा त्यांना अधिक ठाऊक. आणि चित्रकार महिनोन्‌महिने तबेल्यात काम करत असताना त्याची संगत त्यांचीच. घोड्याचे खरे चित्र काढायचे ठरवले की त्याच्याजवळ खरोखर कोण असते तेही काढावे लागते.

प्रतिष्ठेचे काय झाले? १७८१ साली रॉयल ॲकॅडमीने स्टब्जला पूर्ण सदस्य म्हणून निवडले, पण नियमाप्रमाणे संस्थेला चित्र द्यायचे त्याने दिले नाही आणि सदस्यत्व पुरे झालेच नाही. ‘घोड्यांचा चित्रकार’ हा शिक्का त्याला शेवटपर्यंत सलत राहिला. १८०६ साली तो वारला. त्याच्या अश्वरेखाटनांचा संच पुढे त्याच ॲकॅडमीच्या संग्रहात गेला आणि आज तिच्या मौल्यवान ठेव्यांत गणला जातो.

धावताना पाय कुठे असतात?

अचूकतेचा एवढा ध्यास घेतलेल्या स्टब्जलाही एक गोष्ट दिसली नव्हती. त्याचे, आणि त्याच्या काळातल्या सगळ्यांचेच, भरधाव घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगतात. थेओदोर जेरिकोच्या १८२१ च्या एप्सम डर्बीच्या चित्रातही तसेच. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोडीची छायाचित्रे घेतली. चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरे निघाले. पण सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, ताणलेले असताना नव्हे.

हा प्रयोगही एका मालकाची फर्माईशच होती. खर्च केला लीलंड स्टॅनफर्ड या रेल्वेवाल्या धनिकाने, आपल्या शर्यतीच्या घोड्यांसाठी. मृत घोड्याला आकड्यांवर टांगून जे कळत नव्हते ते जिवंत घोड्याच्या एका क्षणाने सांगितले. एदगार देगाने या छायाचित्रांचा अभ्यास केला. पण स्टब्जची उभी चित्रे त्यामुळे खोटी ठरली नाहीत. त्याने स्वतः हाताने चाचपले होते ते खरे उरले, आणि इतरांप्रमाणे गृहीत धरले होते ते गेले.

छायाचित्र आल्यावर अश्वचित्रांचा धंदा बुडेल असे वाटणे साहजिक होते. तो बुडाला नाही. स्टब्जनंतर प्रवासी घोडागाडी हाकणारा जॉन फ्रेडरिक हेरिंग चित्रकार झाला आणि सेंट लेजर शर्यतीतले विजेते त्याने सलग तेहतीस वर्षे रंगवले. विसाव्या शतकात आल्फ्रेड मनिंग्ज आला. वयाच्या विसाव्या वर्षी एक डोळा गमावलेला हा माणूस १९१८ साली फ्रान्समध्ये कॅनडाच्या घोडदळाबरोबर राहिला आणि आघाडीच्या जवळ जनरल सीली यांना त्यांच्या वॉरियर या घोड्यावर बसवून त्याने रंगवले. तोफांच्या आवाजात स्थिर उभे राहणे हे त्या घोड्याचे काम. मनिंग्ज १९४४ मध्ये रॉयल ॲकॅडमीचा अध्यक्ष झाला. जिने स्टब्जला उंबऱ्यावर ठेवले, तिच्याच खुर्चीत दीडशे वर्षांनी घोड्यांचा चित्रकार बसला.

आजही मागणीवरून घोड्यांची तैलचित्रे काढणारे चित्रकार जगभर आहेत. आता बरेचसे काम छायाचित्रांवरून होते आणि तिथे नवी गोम निघते. मालक जवळ उभा राहून मोबाइलने फोटो काढतो. भिंगाजवळचे डोके मोठे होते, मागचा भाग लहान, पाय आखूड. जाणता चित्रकार म्हणून सांगतो : लांब उभे राहा, कॅमेरा घोड्याच्या पोटाच्या उंचीला धरा, बाजूने घ्या. म्हणजे शेवटी तीच जुनी मांडणी. आणि कित्येकदा मागणी येते तेव्हा घोडा मेलेला असतो. स्टब्जलाही हा प्रसंग चुकला नव्हता. १७५३ साली मेलेल्या गोडॉल्फिन अरेबियनचे चित्र त्याला चाळीसेक वर्षांनी, डेव्हिड मोरिए या आधीच्या चित्रकाराच्या चित्रावरून काढावे लागले.

पुण्याचा गेंडा, मुंबईचा घोडा

हा सगळा काळ आपल्या इतिहासाला अगदी लागून आहे. स्टब्ज लंडनमध्ये काम करत होता तेव्हा पुण्यात सवाई माधवरावांचा दरबार भरत होता. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यामागोमाग जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथे आला आणि त्याने पेशवे आणि नाना फडणीस यांचे तैलचित्र काढले. मॅलेटसाठी आणि पुढे वेल्ससाठी काम करणारा पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट याने १७९० साली पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा चितारला. त्याच सुमारास लंडनला आणलेला एक भारतीय गेंडा स्टब्जने शल्यविशारद जॉन हंटर यांच्यासाठी रंगवला. एक पुण्यात, एक लंडनमध्ये. दोघेही दुसऱ्याच्या सांगण्यावरून, आणि दोघांनीही जनावराकडे नीट पाहिलेले. फर्माईश हा शब्द दोघांना सारखाच लागू आहे. गंगारामचे नाव मात्र आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

मुंबईतली गोष्ट तर रोजच्या बोलण्यातली. अल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिलेला, जोसेफ बोहम यांनी घडवलेला प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली उभा राहिला. पैसे दिले ते राजपुत्रासाठी. लोकांनी त्या जागेला नाव दिले ‘काळा घोडा’. १९६५ साली पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेत नेला, तरी जागेचे नाव हलले नाही. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, तेव्हा त्याच्या पाठीवर कुणालाच बसवले नाही.

स्टब्जच्या चित्राशी याचा थेट संबंध नाही. रॉकिंगहॅमने आणि चित्रकाराने ठरवून जे केले ते मुंबईकरांनी बोलता बोलता, शंभर वर्षांत, न ठरवता केले. फर्माईश राजपुत्राची होती, ओळख घोड्याची उरली. राणीच्या बागेत गेलात तर तो जुना घोडा आजही आहे. स्वारही आहे, त्याचे नाव मात्र पाटीवर वाचावे लागते.